अमेरिकेत कारखान्याला एकच रेल्वे: कोटेशनमधल्या संज्ञा, डेमरेज आणि दुसऱ्या रेल्वेची वाट

दाणेवाला

नमस्कार मंडळी,

इलिनॉयमधल्या एका प्लॅस्टिक कारखान्याच्या मालवाहतुकीबद्दल विचारतो आहे. टेक्सासच्या गल्फ किनाऱ्यावरून पॉलिएथिलीनचे दाणे कव्हर्ड हॉपरमध्ये (वरून झाकलेल्या, खालून रिकाम्या होणाऱ्या मालडब्यांत) येतात, महिन्याला साधारण ३० डबे. डबे पुरवठादाराने लीजवर घेतलेले आहेत. गल्फवरून ईस्ट सेंट लुईसपर्यंत पश्चिमेकडची एक रेल्वे आणते, तिथून कारखान्यापर्यंत दुसरी. कारखान्याच्या साइडिंगला (कारखान्यात येणाऱ्या फाट्याच्या रुळाला) ही दुसरीच रेल्वे लागते, तिसरा पर्याय नाही. साइडिंगवर चार डबे मावतात.

जाणकारांनी पुढच्या मुद्द्यांवर प्रकाश टाकावा:

१. नव्या कोटेशनमध्ये पूर्वीच्या एका आकड्याऐवजी दोन रेल्वेंचे दोन दर आले आहेत, वर "रूल ११" असा शेरा. याने नक्की काय बदलतं?

२. डेमरेजच्या (डबा जास्त दिवस अडवल्याच्या आकाराच्या) बिलात असे डबे आहेत जे त्या तारखांना साइडिंगवर आलेलेच नव्हते. "कन्स्ट्रक्टिव्ह प्लेसमेंट" लिहून आकारणी केली आहे. हे वैध आहे का?

३. कारखान्यापासून सहा मैलांवर त्या पश्चिमेकडच्या रेल्वेचंच यार्ड आहे. म्हणजे तीच रेल्वे गल्फपासून जवळजवळ दारापर्यंत येते. मग शेवटचे सहा मैल सोडून बाकी सगळं तिच्याकडून का करून घेता येत नाही?

४. टॅरिफ दरावर (रेल्वेच्या जाहीर दरावर) राहावं की कंत्राट करावं? रेल्वेचा विक्री प्रतिनिधी कंत्राटासाठी मागे लागला आहे.

आगाऊ धन्यवाद.

---

वेबिल_बहाद्दर

पहिल्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो, बाकीचे इतर लिहितीलच.

दोन रेल्वेंवरून जाणाऱ्या मालाचा दर दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे थ्रू दर: एकच आकडा, एकच बिल, आणि दोन रेल्वे आपापसात वाटणी कशी करतात ते तुम्हाला दिसत नाही. दुसरा रूल ११: प्रत्येक रेल्वे जंक्शनपर्यंतचा किंवा जंक्शनपासूनचा आपला दर स्वतंत्र देते आणि स्वतंत्र बिल पाठवते. हा नियम मुळात रेल्वेंच्या आपसातल्या हिशेबाचा आहे, तुमच्या सोयीसाठी केलेला नाही. तरी एक फायदा होतोच. ईस्ट सेंट लुईसच्या पुढच्या छोट्या तुकड्याला तुम्ही काय मोजता ते पहिल्यांदा उघड होतं. हा आकडा जपून ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला लागणार आहे.

रूल ११ मध्ये चुका होतात त्या कागदावर. बिल ऑफ लेडिंगवर (माल पाठवण्याचा कागद, आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक) या गोष्टी नेमक्या हव्यात:

- रूट, जंक्शनसकट. दर ईस्ट सेंट लुईसमार्गे दिला असेल आणि पुरवठादाराच्या माणसाने सवयीने शिकागो टाकलं, तर तुमचा दर लागू होत नाही. डबा साध्या टॅरिफच्या दरावर जातो आणि फरक मागून वसूल होतो.
- रूल ११ चा उल्लेख आणि प्रत्येक तुकड्याचा पैसे भरणारा कोण ते. पहिला तुकडा पुरवठादार भरणार, दुसरा तुम्ही, असं असेल तर दोन्ही नावं पाहिजेत. हे सुटलं की पहिली रेल्वे पूर्ण भाडं एकाच्याच नावावर टाकते.
- मालाचा प्रकार सांगणारा सात अंकी एसटीसीसी कोड. दर या कोडला बांधलेला असतो. जवळपासचा कोड चालत नाही.
- प्रत्येक तुकड्याचा दर-अधिकार क्रमांक, म्हणजे टॅरिफचा किंवा कंत्राटाचा नंबर.

प्रीपेड, कलेक्ट आणि एफओबी हे वेगळे विषय आहेत, लोक ते एकत्र करतात. प्रीपेड म्हणजे पाठवणारा रेल्वेला भाडं देतो, कलेक्ट म्हणजे घेणारा देतो. एफओबी ओरिजिन की डेस्टिनेशन हे तुमच्या आणि पुरवठादाराच्या खरेदी करारातलं कलम आहे. मालकी आणि जोखीम कुठे हस्तांतरित होते ते त्यावरून ठरतं, रेल्वेला त्याच्याशी घेणंदेणं नाही. माल तुम्ही एफओबी ओरिजिन घेत असाल तर वाटेत डबा फुटला, दाणे ओले झाले किंवा भेसळले, तर नुकसानीचा दावा तुम्हीच लावायचा. त्यासाठी कायद्यातलं कारमॅक कलम लागतं. त्यानुसार दावा दाखल करायला रेल्वे ९ महिन्यांपेक्षा कमी आणि नाकारल्यावर कोर्टात जायला २ वर्षांपेक्षा कमी मुदत ठेवू शकत नाही. कंत्राटात मात्र या मुदती आणि भरपाईची मर्यादा दोन्ही बदलता येतात. चौथ्या प्रश्नाकडे जाताना हे लक्षात ठेवा.

इंधन अधिभार दोन्ही तुकड्यांवर वेगळा लागतो आणि दोन रेल्वेंची सूत्रं सारखी नसतात. रेल्वेंचं नियमन करणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने (पुढे नुसतं "बोर्ड") २००७ मध्ये मूळ भाड्याच्या टक्केवारीत अधिभार घेणं नियमनाखालच्या मालासाठी गैर ठरवलं. तेव्हापासून तो साधारण डब्यामागे मैलाला इतके सेंट असा असतो आणि दोनेक महिन्यांपूर्वीच्या डिझेलच्या सरासरी भावावर फिरतो. तेव्हा जुना आकडा आणि नवे दोन आकडे यांची तुलना अधिभार, मैल सगळं मिळवूनच करा. नुसती भाडी ताडून "स्वस्त झालं" म्हणणारे खूप आहेत.

डब्यांबद्दलही पाहून घ्या. रिपोर्टिंग मार्क (डब्यावरची मालकाची अक्षरं) 'एक्स'ने संपत असेल तर डबा रेल्वेचा नाही, खाजगी आहे. तुमच्या बाबतीत तसंच असणार. खाजगी डब्याचा दर रेल्वेच्या डब्याच्या दरापेक्षा वेगळा असतो. कोटेशन कोणत्या डब्यासाठी आहे ते तपासा.

---

साइडिंगकर

वेबिल_बहाद्दर यांनी कागद उलगडलाच आहे, मी डेमरेजपुरतं लिहितो.

कन्स्ट्रक्टिव्ह प्लेसमेंट वैध आहे. डबा तुमच्या गावाजवळच्या यार्डात आला, रेल्वे तो द्यायला तयार आहे, पण तुमच्या बाजूच्या कारणाने (साइडिंग भरलं आहे, तुम्ही मागवला नाही, गेट बंद आहे) ठेवता येत नाही. अशा वेळी रेल्वे तुम्हाला नोटीस देते, आणि डबा कागदोपत्री तुमच्या ताब्यात आला असं धरून मीटर सुरू होतं. खाजगी डबा तुमच्या मालकीच्या किंवा लीजच्या रुळावर उभा असेल तर सहसा मीटर चालत नाही. तोच डबा रेल्वेच्या रुळावर थांबला की चालतं, कारण त्याने यार्डातली जागा अडवलेली असते. तुमचं बिल याच प्रकारचं दिसतं.

खरा प्रश्न "डबा आला नव्हता" हा नाही. तो कोणामुळे आला नाही, हा आहे.

हिशोब समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी इंजिन येतं. सोमवारी आठ डबे पोचले. चार साइडिंगवर लागले, उरलेले चार यार्डात कन्स्ट्रक्टिव्ह प्लेसमेंटवर. मीटर पुढच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे मंगळवारपासून. टॅरिफमध्ये प्रत्येक डब्याला एक दिवसाचं क्रेडिट (फुकट दिवस) आहे, प्लेसमेंटचा दिवस मोजत नाहीत आणि जादा दिवसाला १५० डॉलर आहेत असं धरू.

तुम्ही पहिले चार डबे रिकामे करून बुधवारच्या कट-ऑफच्या (नोंदीच्या शेवटच्या वेळेच्या) आत रिलीज केले, म्हणजे रिकामे झाल्याचं रेल्वेला कळवलं, तर इंजिन ते उचलून पुढचे चार लावतं. यार्डातल्या चार डब्यांचा प्रत्येकी एक दिवस म्हणजे चार डेबिट, चार क्रेडिट, बिल शून्य.

आता तेच डबे त्याच वेळी रिकामे झाले, पण रिलीजची नोंद कट-ऑफनंतर गेली. बुधवारी इंजिन रिकाम्या डब्यांना हात लावत नाही. पुढची खेप शुक्रवारी. यार्डातले चार डबे मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस थांबले: १२ डेबिट वजा ४ क्रेडिट, म्हणजे ८ दिवस, १,२०० डॉलर. उतरवायला एक मिनिटही जास्त लागलेलं नाही, फक्त नोंद उशिरा गेली.

म्हणून आधी आपल्या घरात पाहा. रात्रपाळीत डबा रिकामा होतो आणि रिलीज सकाळी नऊला ऑफिसचा माणूस आल्यावर टाकतो, ही सगळ्यात महागडी सवय आहे. रिलीज टाकण्याचा अधिकार आणि लॉगिन पाळीच्या सुपरवायझरकडे द्या. आणि हॉपरच्या बाबतीत "रिकामा" म्हणजे खरोखर रिकामा, झाकणं आणि खालची आउटलेट बंद केलेला. आउटलेट गेट उघडं राहिलं तर इंजिनचा क्रू डबा नाकारतो आणि रिलीज वाया जातं.

आता रेल्वेची बाजू. त्यांच्यामुळे झालेला उशीर तुम्ही भरायचा नसतो. बोर्डाच्या २०२० च्या धोरण-निवेदनात डबे एकगठ्ठा येण्याचा मुद्दा स्पष्ट आहे. २०२१ पासून मोठ्या रेल्वेंना डेमरेजच्या बिलासोबत किमान ठरावीक माहिती द्यावी लागते: डबा क्रमांक, वेबिलची तारीख, मूळ अंदाजित आगमन, प्रत्यक्ष आगमन, कन्स्ट्रक्टिव्ह आणि प्रत्यक्ष प्लेसमेंट, रिलीज. या माहितीतून प्रत्येक डब्याची एक ओळ करा आणि शेजारी पुरवठादाराने पाठवल्याची तारीख घाला. गल्फवरून रोज दोन याप्रमाणे निघालेले आठ डबे तुमच्याकडे एकाच दिवशी पोचले असतील तर वाटेत कोणीतरी ते साठवले. तेवढी ओळ ठळक करून टॅरिफमधल्या मुदतीच्या आत लेखी हरकत घ्या. फोनवर "बघतो" म्हणाले याला काही किंमत नाही.

अजून दोन जागी दावा हमखास उभा राहतो: सोमवारी यायचं इंजिन आलंच नाही (ठरलेली खेप चुकली), आणि मागवला एक डबा पण लावला दुसराच. तुम्हाला अमुक ग्रेडचे दाणे हवेत आणि भलतंच ग्रेड साइडिंगवर अडकून बसलं, तर पुढचं सगळं रखडतं.

---

दाणेवाला

दोघांचेही आभार. रिलीजबद्दल आजच तपासलं, इथेही सकाळी ऑफिस उघडल्यावरच टाकलं जातं. तिसऱ्या मुद्द्यावर कोणी लिहील का? त्या सहा मैलांचं गणित डोक्यातून जात नाही. टॅरिफमध्ये "क्लोज्ड इंडस्ट्री" असा शब्दही दिसला.

---

जंक्शन

सहा मैलांचा विषय अमेरिकी रेल्वे कायद्यातला सगळ्यात जुना वाद आहे, त्यामुळे थोडं मागून सुरुवात.

१९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेंना दर ठरवण्याची बरीच मोकळीक दिली आणि खाजगी कंत्राटं कायदेशीर केली. त्याआधी रेल्वे दिवाळखोरीत जात होत्या, तेव्हा कायदा गरजेचा होता यावर आज फारसं दुमत नाही. पण पुढच्या विलीनीकरणांत मोठ्या रेल्वे कमी कमी होत गेल्या. १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली, १९९९ मध्ये कॉनरेलची सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्नमध्ये वाटणी झाली, एप्रिल २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्या. आता पहिल्या वर्गात, म्हणजे सगळ्यात मोठ्या रेल्वेंत, सहा उरल्या: पश्चिमेला बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिक, पूर्वेला सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न, आणि कॅनडातून खाली येणाऱ्या सीएन व सीपीकेसी. शिवाय सुमारे ६०० छोट्या रेल्वे. नकाशावर स्पर्धा भरपूर दिसते. तुमच्या साइडिंगच्या सांध्यावर मात्र एकच नाव असतं, आणि दर त्या सांध्यावर ठरतो.

तुम्ही ज्याला सहा मैल म्हणता त्याला या धंद्यात बॉटलनेक म्हणतात. गल्फ ते सहा मैलांवरचं यार्ड हा भाग पश्चिमेकडची रेल्वे एकटी करू शकते. शेवटचा तुकडा एकाच रेल्वेच्या हातात आहे. ती रेल्वे त्या तुकड्याचा वेगळा दर देत नाही, कारण ईस्ट सेंट लुईसपासूनची लांब चाल तिला जास्त पैसे देते. आणि बोर्डाच्या १९९६-९७ च्या निर्णयांप्रमाणे असा वेगळा दर देण्याची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. एक अपवाद आहे: उरलेल्या भागासाठी तुम्ही दुसऱ्या रेल्वेशी आधीच कंत्राट केलेलं असेल, तर बॉटलनेकचा दर मागता येतो आणि त्याला आव्हानही देता येतं. हा अपवाद चालवायचा असेल तर जंक्शन कुठे आणि डबे प्रत्यक्ष कुठे बदलणार हे वकिलाकडून आधी नक्की करून घ्या.

"क्लोज्ड इंडस्ट्री" याचा अर्थ असा. रेसिप्रोकल स्विचिंगमध्ये तुमची रेल्वे ठरावीक शुल्क घेऊन डबा तुमच्या दारातून दुसऱ्या रेल्वेच्या यार्डात नेऊन देते, मुख्य वाहतूक ती दुसरी रेल्वे करते. बऱ्याचदा ते स्विचिंग शुल्क मुख्य वाहतूक करणारी रेल्वे स्वतःच सोसते. प्रत्येक रेल्वेच्या स्विचिंग टॅरिफमध्ये स्टेशनवार कोणता कारखाना "ओपन" आणि कोणता "क्लोज्ड" याची यादी असते. तुम्ही क्लोज्ड, म्हणजे ही सेवा तुम्हाला स्वखुशीने मिळणार नाही. पण ती यादी पूर्ण वाचाच. जागेच्या आधीच्या मालकाच्या नावाने जागा ओपन असते आणि नाव बदलल्यावर नोंद पुढे येत नाही, असंही होऊ शकतं.

सक्तीने उघडता येईल का? कायद्यात तरतूद आहे. पण १९८० च्या दशकातल्या मिडटेक प्रकरणापासून रेल्वेचं स्पर्धाविरोधी वर्तन सिद्ध करायची अट बसली आणि तो दरवाजा व्यवहारात बंदच राहिला. २०२४ मध्ये बोर्डाने नवा नियम आणला: सेवा ठरावीक पातळीखाली गेली तर स्विचिंगचा आदेश. आकडे स्पष्ट होते, उदाहरणार्थ ७० टक्के डबे मूळ अंदाजित वेळेच्या २४ तासांत यायला हवेत, स्थानिक खेपा ८५ टक्के पाळल्या जायला हव्यात. रेल्वे कोर्टात गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये सातव्या सर्किट न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हा "नवीन नियम आलाय, अर्ज टाका" असे जुने लेख कुठे वाचलेत तर त्यावर अवलंबून राहू नका.

दरालाच आव्हान देण्याचं काय? पहिली पायरी: भाडं भागिले चल खर्च (वाहतुकीबरोबर वाढणारा खर्च) हे गुणोत्तर १८० टक्क्यांहून कमी असेल तर बोर्डाचा अधिकारच पोचत नाही. चल खर्च बोर्डाच्या यूआरसीएस या प्रणालीतून निघतो. समजा तुकड्याचं भाडं १,८०० डॉलर आणि चल खर्च ८०० निघाला, तर २२५ टक्के. १,४४० च्या वरचा भाग चर्चेचा. पण १८० ओलांडलं म्हणजे दर अवाजवी ठरला असं मुळीच नाही, फक्त दार उघडलं. पुढे रेल्वेचं बाजारावर वर्चस्व आहे हे दाखवायचं, ट्रक किंवा बार्जने तो माल खरोखर नेता येत नाही हेही दाखवायचं, आणि मग दर अवाजवी का ते. मोठ्या प्रकरणात काल्पनिक रेल्वे उभारून तिचा खर्च मांडावा लागतो. महिन्याला ३० डब्यांच्या ग्राहकाला तो खर्च झेपणारा नाही. छोट्या ग्राहकांसाठी बोर्डाने २०२२ मध्ये अंतिम प्रस्तावाची सोपी पद्धत (दोन्ही बाजूंनी एकेक प्रस्ताव द्यायचा, बोर्ड त्यातला एक निवडणार) आणली होती, तीही आठव्या सर्किटने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केली.

थोडक्यात कायद्याच्या वाटेने तुमच्या आकाराच्या ग्राहकाला फार मिळेल असं मला वाटत नाही.

अवांतर: जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी विलीनीकरण जाहीर केलं. २००१ च्या नियमांनुसार मोठ्या रेल्वेंना विलीनीकरणाने स्पर्धा नुसती टिकते असं नाही, वाढते असं दाखवावं लागतं. अशा प्रकरणात ग्राहकांना लेखी म्हणणं मांडता येतं आणि अटी मागता येतात. १९९६ च्या विलीनीकरणात बीएनएसएफला सुमारे ४,००० मैलांवर गाड्या चालवायचे हक्क मिळाले ते अशाच अटींमुळे. बोर्डाकडून एखाद्या कारखान्याला दुसरी रेल्वे मिळण्याची सगळ्यात खरी संधी विलीनीकरणाच्या वेळी असते, नंतर नाही.

---

ट्रान्सलोड

जंक्शन यांच्याशी कायद्याबाबत सहमत, पण निष्कर्ष अर्धाच आहे. दर कोर्टात उतरत नाही म्हणून तो उतरतच नाही असं नाही. समोरच्याला तुम्ही माल हलवू शकता हे खरं वाटलं पाहिजे, आणि खरं वाटण्यासाठी ते खरं असावं लागतं.

तुमच्याकडे सहा मैलांवर यार्ड आहे, ही चांगली जागा आहे. तिथे किंवा जवळपास ट्रान्सलोडची सोय आहे का पाहा. हॉपरमधून दाणे व्हॅक्यूमने बल्क ट्रकमध्ये घेऊन सायलोत फुंकायचे. एका हॉपरमध्ये साधारण १,९०,००० पौंड दाणे, ट्रकमध्ये ४५,००० च्या आसपास, म्हणजे डब्याला चारएक ट्रक. महिन्याला ३० डबे म्हणजे सव्वाशे फेऱ्या. सगळा माल असा न्यायची गरज नाही. पाच-सहा डबे महिनाभर चालवून पाहिले की डब्यामागे किती खर्च येतो याचा पक्का आकडा हातात येतो, आणि वाटाघाटीत तोच तुमचा वरचा आकडा. यात बिघडतं ते दोन जागी: आधीच्या मालाचे अवशेष राहिलेले होज (ट्रकचं धुलाईचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय भरू देऊ नका), आणि पाइपाच्या वळणांवर दाणे घासून होणारे धागे आणि बारीक धूळ. फुंकण्याचा वेग कमी ठेवा, सायलोआधी गाळणी लावा.

दुसरं, स्वतःचा रूळ टाकणं. सहा मैलांसाठी मैलाला काही मिलियन डॉलर, वर जमीन. ३० डब्यांवर ते बसत नाही. शेजारी आणखी दोन-तीन कारखाने असतील तर एकत्र विचार करता येतो. आताच्या रेल्वेचा रूळ ओलांडावा लागला तरी कायद्याने ती क्रॉसिंग अडवू शकत नाही, तो मुद्दा अनेकांना माहीत नसतो.

तिसरं, दाण्यांचा पुरवठादार बदलण्याची शक्यता. ह्यूस्टनच्या पट्ट्यात काही कारखान्यांना दोन रेल्वे लागतात. तिथल्या टोकाला दोन रेल्वे भांडत असतील तर निदान लांब तुकड्याचा दर खाली येतो. शेवटच्या तुकड्याची रेल्वे मात्र ती बचत हळूहळू आपल्याकडे ओढते, म्हणून दोन्ही तुकड्यांच्या मुदती एकाच दिवशी संपतील अशा ठेवा. नाहीतर एकाशी बोलताना दुसरा बांधलेला असतो.

आणि जवळच्या छोट्या रेल्वेकडून मदत मागायच्या आधी तिचा लीज करार विचारा. मोठ्या रेल्वेने मार्ग विकताना किंवा भाड्याने देताना "दुसऱ्या रेल्वेला डबे दिलेस तर दंड" असं कलम घातलेलं असतं. कागदी अडसर म्हणतात त्याला. रूळ जोडलेले असतात, करार जोडू देत नाही. वजनही पाहा: अनेक छोट्या मार्गांवर डब्यासकट मर्यादा २,६३,००० पौंड असते, मोठ्या मार्गांवर २,८६,०००. दाण्यांना ते बहुधा चालून जाईल, धान्याच्या डब्याला मात्र ११ टनांचा फटका.

---

वेबिल_बहाद्दर

चौथा प्रश्न राहिला, टॅरिफ की कंत्राट.

कंत्राटावर सही केली की तो माल बोर्डाच्या कक्षेबाहेर जातो. दर अवाजवी, सेवा वाईट, काहीही असो, तुमच्याकडे उरतं ते फक्त कंत्राटातलं कलम आणि कोर्ट. टॅरिफ दर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. लेखी मागितल्यावर रेल्वेला नवा दर १० कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, आणि वाढवायचा असेल तर २० दिवस आधी कळवावं लागतं. म्हणून विक्री प्रतिनिधी कितीही घाई करो, आधी लेखी टॅरिफ दर मागा. तो आकडा समोर असल्याशिवाय कंत्राटातली "सवलत" कशावर आहे हेच कळत नाही.

कंत्राट केलंच तर ही कलमं मी सोडत नाही:

मालाची हमी डब्यांच्या संख्येत नको, एकूण खरेदीच्या टक्केवारीत द्या, आणि ती ९५ नको. २०-२५ टक्के माल मोकळा राहिला तरच ट्रान्सलोड यांनी सांगितलेली फेरी टाकता येते. शंभर टक्के हमी दिलीत की स्पर्धा स्वतःच्या हाताने संपवलीत.

दरवाढीचा निर्देशांक नीट वाचा. रेल्वेच्या खर्चाच्या आरसीएएफ या निर्देशांकात इंधन धरलेलं असतं. त्यावर वेगळा इंधन अधिभारही लावला तर इंधनाची वाढ दोनदा भरता. अधिभार राहणार असेल तर इंधन वगळलेला निर्देशांक, म्हणजे एआयआय-एलएफ, मागा.

सेवेचं कलम परिणामासकट हवं. "योग्य त्वरेने" वगैरे शब्दांनी काही होत नाही. आठवड्याला तीन खेपा, चुकलेल्या खेपेने थांबलेल्या डब्यांवर डेमरेज माफ, सलग इतक्या चुकल्या तर तेवढ्या काळापुरती मालाची हमी स्थगित, असं लिहून घ्या. डेमरेजचे नियम रेल्वेच्या "वेळोवेळी बदलणाऱ्या" टॅरिफकडे सोपवले असतील तर सहीच्या तारखेचं टॅरिफ गोठवून मागा. रेल्वे सहज मान्य करत नाही, पण क्रेडिटचे दिवस तरी गोठवून मिळू शकतात.

---

उत्तरेचा_रूळ

फक्त एक भर. कॅनडात हेच सहा मैल ग्राहकाच्या बाजूने सुटले असते. तिथे कारखाना जंक्शनपासून ३० किलोमीटरच्या आत असेल तर इंटरस्विचिंग (डबा जंक्शनवर दुसऱ्या रेल्वेला देणं) सक्तीचं आहे आणि त्याचा दर कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सी दरवर्षी ठरवते. अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात १६० किलोमीटरची वाढीव मर्यादा प्रायोगिक होती, ती मार्च २०२५ मध्ये संपली. वाढीव मर्यादेत प्रत्यक्ष डबे थोडेच हलले म्हणून रेल्वे ती निरुपयोगी म्हणतात. ग्राहकांचं म्हणणं असं की दर खाली आला तो डबे हलवता येतात म्हणून, हलवावेच लागत नाहीत. मला ग्राहकांचं पटतं. विनिपेगच्या आसपास दुसरा कारखाना काढायचा विचार असेल तर आधी जंक्शनपासूनचं अंतर मोजा, मग जमीन घ्या.

---

दाणेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅरिफ दर लेखी मागवतो, ट्रान्सलोडचं कोटेशन घेतो. रिलीजचं लॉगिन रात्रपाळीला देतो आहोत.

एक शंका राहिली: पहिल्या तुकड्याचं भाडं पुरवठादार भरतो. त्याने बुडवलं तर रेल्वे आमच्याकडे येऊ शकते का?

---

साइडिंगकर

येऊ शकते. कागदावर प्रीपेड असलं आणि तुम्ही माल घेतला तरी रेल्वे आधी पुरवठादाराकडे जाते, पण तो बुडाला तर तुमच्याकडे वळण्याचा प्रयत्न होतो. पुरवठादाराला भाड्याचे पैसे मालाच्या किमतीत आधीच दिले असतील तर त्याच्या पावत्या जपा.

उलट बाजूने, तुम्ही कधी कलेक्टवर माल पाठवत असाल तर बिल ऑफ लेडिंगच्या सातव्या कलमावर सही करा. ती सही असली की घेणाऱ्याने भाडं थकवलं तरी रेल्वे पाठवणाऱ्याकडे मागायला येऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक फॉर्ममध्ये ते एक छोटं खूणचौकट असतं, आणि आपोआप भरलेलं नसतं. रूल ११ मध्ये ही खूण तुकड्यागणिक कोणाच्या बाजूने लागते ते पुरवठादाराशी बोलून आधी ठरवा.